रंगखुणेचा उपयोग व तिच्या मर्यादा
(काडतुसे, बियाणे आणि विषारी औषधे निरनिराळी राखण्याविषयी)

मृग नक्षत्र लागले म्हणजे पोंभुर्णा तालुक्यातील कास्तकाराच्या घरी एकाच आठवड्यात किती वस्तू येऊन पडतात, ह्याची मोजदाद करण्यासारखी असते. धानाचे बियाणे, कपाशीच्या बियाण्याची पाकिटे, तुरीचे बी, बियाण्यास चोळावयाची पूड, किडीचे औषध, तणाचे औषध, युरियाची चुंगडी. आणि ह्या सर्वांच्या शेजारी घरच्या जेवणाचे मीठ, तेल व पीठ. घर तेच, खोली बहुधा तीच, आणि उजेड कंदिलाचा नाही तर एका दिव्याचा. ह्यांतील पुष्कळ वस्तू दिसण्यात एकमेकींच्या सख्ख्या बहिणी असतात. एक पांढरी पूड दुसऱ्या पांढऱ्या पुडीसारखी दिसते. एका वाणाचे धान दुसऱ्या वाणाच्या धानासारखे दिसते. एका डब्यातील औषध दुसऱ्या डब्यातील औषधाप्रमाणेच पाण्यात टाकताच दुधासारखे होते. परंतु ह्या सारखेपणाने केलेली फसगत ही साधी फसगत नव्हे. तिच्यात वर्षाचे पीक जाते, व कधी माणूसही जाते.

सारख्या दिसणाऱ्या पण निरनिराळ्या कामाच्या वस्तू ओळखण्यासाठी माणसाने जे उपाय काढले त्यांत रंगखूण हा फार सोपा उपाय आहे. रंगाला वाचता यावे लागत नाही व तो दुरून दिसतो. तथापि ह्या सोप्या उपायाचे काही कडक नियम आहेत. ते नियम पाळले नाहीत तर रंग हाच फसवणुकीचे साधन होतो. हे नियम कोणते, सरकारने आपल्या बियाण्याच्या व औषधांच्या वेष्टनांवर कोणते रंग नेमून दिले आहेत, ते काय सांगतात व काय सांगत नाहीत, आणि आपण स्वतः घरी कोणत्या खुणा कराव्या, एवढ्या गोष्टी ह्या लेखात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

काडतुसाचा दाखला

रंगखुणेचे शास्त्र ज्या धंद्यात अत्यंत काटेकोरपणे पाळले जाते तो धंदा दारूगोळ्याचा होय. म्हणून दाखला तेथूनच घेऊ. हा धंदा आपल्यास अगदीच परका नाही. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येथे दारूगोळा भरण्याचा सरकारी मालकीचा कारखाना आहे, आणि पुण्याजवळ खडकी येथील कारखाना तर १८६९ पासूनचा आहे. पूर्वी पोलिसांच्या हाती जी .३०३ ची बंदूक दिसत असे, तिची काडतुसे खडकीस होत. ब्रिटिश लष्करी पद्धतीत ह्या काडतुसाच्या बुडाशी, टोपीच्या भोवती, रंगीत लाखेचे एक बारीक कडे असे. कडे जांभळे असले तर ती साधी गोळी. तांबडे असले तर उडताना प्रकाशाची रेषा सोडणारी. हिरवे असले तर लोखंडी पत्रा भेदणारी. निळे असले तर आग लावणारी. चारही काडतुसे हातात घेतली तर जवळजवळ एकसारखी. परंतु शिपायाने बूड पाहिले की त्यास क्षणात उमगे. शिवाय ती लाख ओल आत जाऊ देत नसे, म्हणून तोच रंग दोन कामे करी.

दुसरे उदाहरण छर्ऱ्यांच्या बंदुकीचे. ह्या बंदुकांच्या नळीचे माप 'बोअर' ह्या संख्येने सांगतात. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या असता त्यांतील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती १२ बोअरची. २० गोळ्या केल्या असता एक बसेल ती २० बोअरची. म्हणजे संख्या मोठी तो नळी लहान. आता २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या बंदुकीत घातले तर ते कोठीतून घसरून पुढे नळीत जाऊन अडकते. मागून पाहणाऱ्यास बंदूक रिकामी दिसते. तो मागे १२ बोअरचे खरे काडतूस घालतो व चाप ओढतो. पुढील काडतुसाने मार्ग अडविलेला असल्याने नळी फुटते, आणि ती फुटण्याची जागा नळी धरणाऱ्या हाताच्या जवळच येते. हा अपघात टाळण्यासाठी अमेरिकेतील कारखान्यांनी पिवळा रंग २० बोअरच्या काडतुसासाठी राखून ठेविला व तो इतर मापांना द्यावयाचा नाही असा दंडक घातला. हा नियम सर्व देशांनी व सर्व जुन्या काडतुसांनी पाळला आहे असे नाही. म्हणून तेथेही जाणते लोक रंग पाहतातच, आणि बुडावर कोरलेला आकडाही वाचतात.

तिसरे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. परदेशांत नेमबाजीचे पुष्कळ शौकीन आपली काडतुसे आपल्या हातांनी भरतात. रिकामे कवच तेच, टोपी तीच, गोळीही कधी तीच. परंतु आत दारू कोणती व किती, हे बाहेरून मुळीच दिसत नाही. जलद जळणाऱ्या दारूचे माप मंद जळणाऱ्या दारूच्या मापाइतके पडले तर बंदूक फुटते. म्हणून हे लोक टोपीवर किंवा गोळीच्या टोकावर नखांना लावावयाच्या रंगाचा ठिपका देतात. एका भरतीस तांबडा, दुसरीस हिरवा. डब्यावर चिठ्ठी लावतात, आणि वहीत तारीख, दारूचे नाव, वजन व रंग लिहून ठेवतात. त्यांच्यापैकी अनुभवी माणसे एक गोष्ट आवर्जून सांगतात: ज्या काडतुसाची खूण पुसली गेली व ज्याची नोंद सापडत नाही, ते उडवावयाचे नाही, आणि अंदाजाने तर नाहीच नाही.

हा दाखला केवळ समजुतीसाठी दिला आहे. आपल्या देशात परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने मना आहे. पिकाच्या रक्षणाकरिता ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. परंतु परवाना हाती आहे म्हणून रानडुकरावर गोळी घालण्याचा अधिकार मिळत नाही. त्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची निराळी परवानगी लागते, हे जंगलाच्या कडेने राहणाऱ्या आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे.

ह्या तीन उदाहरणांतून चार नियम निघतात. पहिला, एका रंगाचा एकच अर्थ असावा. दुसरा, रंग केवळ बाहेरील डब्यावर नसून जिन्नसावर किंवा त्यास अगदी लागून असावा. तिसरा, रंगाचा अर्थ लिहून ठेविलेला असावा, व रंगाच्या जोडीला अक्षरही असावे. चौथा, खूण हरवली की वस्तू बाद समजावी. हे चार नियम घेऊन आता आपण आपल्या खोलीतील वस्तूंकडे वळू.

बियाण्याच्या चिठ्ठ्यांचे रंग

बियाण्याच्या पिशवीस शिवलेल्या चिठ्ठीचा रंग हा शोभेचा नसतो. १९६६ च्या बियाणे कायद्याखालील व्यवस्थेत तो नेमून दिलेला आहे, तो येणेप्रमाणे:

पैदासकार बियाणे: सोनेरी पिवळी चिठ्ठी.
पायाभूत बियाणे: पांढरी चिठ्ठी.
प्रमाणित बियाणे: निळी चिठ्ठी.
सत्यप्रत बियाणे: हिरवी चिठ्ठी.

ही चार नावे म्हणजे एका वंशाच्या पिढ्याच होत. ज्या शास्त्रज्ञाने वाण काढला त्याच्या देखरेखीखालील थोडे बी ते पैदासकार बियाणे. त्यापासून पायाभूत, व पायाभूतापासून प्रमाणित. पांढरी व निळी चिठ्ठी आपल्या राज्यात बीज प्रमाणीकरण यंत्रणेची असते. तिचे मुख्य ठाणे अकोल्यास आहे, आणि तिचे लोक उभे पीक पाहून व बियाणे तपासून मगच चिठ्ठी देतात. हिरव्या चिठ्ठीचे तसे नाही. तेथे बियाणे विकणाराच आपल्या शब्दाची जबाबदारी घेतो. हिरव्या चिठ्ठीचे बियाणे वाईटच असते असे आमचे म्हणणे नाही. परंतु निळ्या चिठ्ठीमागे तिऱ्हाइताची साक्ष आहे व हिरव्या चिठ्ठीमागे ती नाही, एवढा फरक घेणाऱ्याने समजून घ्यावा.

धानाच्या प्रमाणित बियाण्यात शंभर भागांत निदान ९८ भाग शुद्ध बी असावे, उगवण निदान ८० टक्के असावी व ओलावा १३ टक्क्यांहून अधिक नसावा, असे प्रमाण ठरलेले आहे. चिठ्ठीवर तपासणीची तारीख असते, व त्या तारखेपासून नऊ महिने ती चिठ्ठी चालते. म्हणजे रंग निळा असूनही चिठ्ठी मेलेली असू शकते. रंग पाहून थांबू नये, तारीखही वाचावी.

ह्या शुद्धतेचे मोल किती ते एका हिशेबाने कळेल. हजार दाण्यांचे वजन २० ग्रॅम धरले तर एका किलोत ५० हजार दाणे होतात, आणि २५ किलोच्या पिशवीत साडेबारा लाख. त्यांत शेकडा एकच दाणा दुसऱ्या वाणाचा असला तरी साडेबारा हजार परके दाणे पऱ्ह्यात पडले. परका वाण हलका असेल तर तो आधी पिकून बांधीत गळतो, व पुढील वर्षी न पेरता उगवतो. तो भारी असेल तर कापणीच्या वेळी कच्चा राहतो व भरडताना त्याची कणी होते. दोन्ही प्रकारांत बाजारात भाव पडतो तो सगळ्या पोत्याचा.

आणि ही भेसळ दुकानातच होते असे मुळीच नाही. ती बहुतेक आपल्या खळ्यावर, आपल्या ढोलीत व आपल्या चुंगडीत होते. चिठ्ठीचा रंग पिशवीच्या तोंडाशी असतो. तोंड सोडून बी ओतले की तो रंग गेला. तेथून पुढे त्या बियाण्याची ओळख राखणे हे सर्वस्वी आपले काम आहे.

वेगळे ठेवण्याने काय साधते, ह्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे ह्यांना १९८३ साली 'पटेल ३' ह्या वाणाच्या शेतात इतरांहून निराळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. त्या त्यांनी खळ्याच्या राशीत पडू दिल्या नाहीत. त्या वेगळ्या राखल्या, वेगळ्या पेरल्या, व त्यांचे बी वर्षानुवर्षे वेगळेच वाढविले. त्यांतूनच 'एचएमटी' हा बारीक तांदळाचा प्रसिद्ध वाण निघाला. दादाजी २०१८ साली निवर्तले. परंतु त्यांचा तांदूळ आज विदर्भाबाहेरही शिजतो. त्या मूठभर लोंब्या ढिगात मिसळल्या असत्या तर एवढे मोठे धन कोणास कळले देखील नसते.

रंगविलेले बियाणे

काही बियाणे तांबडे, गुलाबी किंवा निळे रंगविलेले येते. हा रंग वाणाचा नव्हे. बियाण्यास विषारी औषध चोळलेले आहे, सबब ते खाऊ नये, गुरांना घालू नये व त्याचे तेल काढू नये, ह्याची ती सूचना आहे. ही सूचना न समजल्याने काय झाले ते इराक देशाने १९७१–७२ साली पाहिले. दुष्काळानंतर त्या देशाने गव्हाचे व जवाचे बियाणे बाहेरून मागविले. त्यास पाऱ्याचे जालीम औषध लावलेले होते व म्हणून त्यास तांबूस रंगही दिलेला होता. पिशव्यांवरील इशारा स्पॅनिश व इंग्रजी भाषांत होता, तो खेड्यातील लोकांस वाचता येईना. पुष्कळ ठिकाणी बियाणे पोहोचले तेव्हा पेरणी आटोपली होती. लोकांनी ते धुतले. रंग पाण्याबरोबर गेला, तेव्हा विषही गेले असे त्यांस वाटले, व त्यांनी त्याच्या भाकरी केल्या. ६,५३० माणसे रुग्णालयांत आली. त्यांपैकी ४५९ दगावली.

ह्या गोष्टीचे तात्पर्य नीट ध्यानात घ्यावे. रंग ही विषाची खूण आहे, रंग म्हणजे विष नव्हे. खूण धुऊन निघते, विष धुऊन निघत नाही. पेरून उरलेले रंगीत बियाणे धुवून कोंबड्यांस घालणे किंवा दळणात मिसळणे हे ह्याच चुकीचे लहान रूप होय.

औषधाच्या डब्यावरील त्रिकोण

आपल्या बोलण्यात एक मोठा धोका दडलेला आहे. किडीस मारण्याच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. ताप आल्यावर घ्यावयाचे तेही औषध व मावा मारावयाचे तेही औषध. भाषेने जो भेद पुसला तो कायद्याने रंगाने पुन्हा काढला आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक डब्याच्या चिठ्ठीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो व त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द व खालच्या त्रिकोणात रंग. चिठ्ठीच्या एकंदर जागेचा सोळावा हिस्सा ह्या चौकोनास द्यावाच लागतो. रंग असे:

तांबडा: अत्यंत विषारी. वर कवटी व हाडांचे चित्र आणि तांबड्या अक्षरांत 'विष'.
पिवळा: फार विषारी. तांबड्या अक्षरांत 'विष', परंतु कवटी नाही.
निळा: मध्यम विषारी. 'धोका'.
हिरवा: किंचित विषारी. 'सावधान'.

हे वर्ग प्रयोगावरून ठरवितात. प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष तोंडावाटे लागते, ते पाहतात. ५० पर्यंत लागले तर तांबडा, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा, व त्याहून अधिक लागले तर हिरवा. कातडीवाटे होणाऱ्या बाधेचे प्रमाण निराळे मोजतात.

ह्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, चारही रंग विषाचेच आहेत. 'निर्विष' असा पाचवा रंग ह्यात नाही. हिरवा त्रिकोण पाहून हाताने औषध ढवळणारा मनुष्य त्या रंगाचा अर्थ रस्त्यावरील दिव्यावरून लावीत असतो. दुसरी, हा रंग एका वेळच्या बाधेचा आहे. दिवसभर उन्हात फवारा अंगावर घेतला, किंवा चार औषधे एकत्र कालविली, तर काय होईल हे तो सांगत नाही. तिसरी, तो माणसाच्या जिवाचा रंग आहे, पिकाच्या जिवाचा नव्हे. निळ्या त्रिकोणाचे तणनाशक माणसास तांबड्या त्रिकोणाइतके घातक नसेल, पण चुकीच्या बांधीवर पडले तर ते बांधी जाळून टाकते.

आणखी एक घोटाळा येथेच सांगणे अवश्य आहे. बियाण्याच्या चिठ्ठीवर पिवळा रंग सर्वांत श्रेष्ठ बियाण्याचा. औषधाच्या डब्यावर पिवळा रंग फार विषारी वस्तूचा. काडतुसावर पिवळा रंग लहान मापाचा. निळा रंग बियाण्यावर भरवशाचा, औषधावर धोक्याचा. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो. तो ज्या जिनसावर आहे त्यावरून अर्थ येतो. म्हणून बियाणे व औषध ह्यांची जागाच एक नसावी.

डबा बदलला की खूण गेली

दुकानदाराकडून 'थोडेच द्या' म्हणून औषध पाण्याच्या किंवा शरबताच्या बाटलीत ओतून आणण्याची रीत पुष्कळ गावी आहे. चार घरांनी मिळून एक मोठा डबा घ्यावा व वाटून न्यावा, हेही चालते. ह्यात काटकसर असेल. परंतु विष घरी येते व त्रिकोण मागे राहतो. उलट रिकामा डबा धुऊन त्यात तेल किंवा रॉकेल भरले, म्हणजे त्रिकोण घरी राहतो व त्याचा अर्थ खोटा होतो. बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये एका प्राथमिक शाळेतील दुपारच्या जेवणातून २३ मुले मृत्यू पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. विषाच्या भांड्यातून अन्न किती लवकर बाधते, ह्याचा ह्याहून दुःखद पुरावा दुसरा नको.

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, आणि शेकडो आजारी पडले. त्याची कारणे अनेक होती, व त्यांचा विचार येथे करीत नाही. परंतु एक गोष्ट सर्वत्र दिसते. पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराच्या हाती मूळ डबा क्वचितच येतो. त्याला मिळते ती टाक्यात कालवलेली दुधाळ पाण्याची बादली. त्रिकोण मालकाने पाहिला, अंगावर विष मजुराने घेतले. ज्याच्या जिवासाठी खूण केली त्यालाच ती दिसली नाही, तर त्या खुणेचा उपयोग काय? फवारणीपूर्वी डबा मजुराच्या हातात देऊन त्रिकोण दाखविणे, हे मालकाचे कर्तव्य आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाधा झालीच तर डबा किंवा चिठ्ठी रुग्णाबरोबर दवाखान्यात न्यावी. चिठ्ठीवर औषधाच्या मूळ द्रव्याचे नाव व त्यावरील उतारा छापलेला असतो. काही विषांवर अॅट्रोपीन चालते, काहींवर ते उपयोगी नाही, व काहींवर खास उताराच नाही. 'पांढरे पाणी होते' एवढ्या माहितीवर डॉक्टरचा अमूल्य वेळ जातो.

पंपालाही रंग हवा

धान व कपाशी ही दोन्ही पिके ज्याच्या घरी आहेत त्याने पुढील गोष्ट विशेष लक्षपूर्वक वाचावी. धानातील रुंद पानांचे तण मारण्यासाठी '२,४-डी' हे तणनाशक वापरतात. हेच द्रव्य कपाशीस अत्यंत बाधक आहे. त्याचा अगदी थोडा अंश लागला तरी कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली व निमुळती होतात, आणि वाढ खुंटते. बांधीत फवारलेला पंप पाण्याने खळबळून तोच कपाशीत नेला, तर नळीत, चामड्याच्या किंवा रबराच्या चकतीत राहिलेला अंशही तेवढे काम करण्यास पुरेसा होतो. कास्तकारास वाटते की रोग पडला. मग तो त्यावर आणखी एक औषध मारतो.

ह्यावर खरा उपाय एकच: तणनाशकाचा पंप निराळा ठेवणे. एकट्यास दोन पंप परवडत नसतील तर चार शेजाऱ्यांनी मिळून तणाचा एक पंप ठेवावा. त्या पंपाच्या टाकीवर, नळीवर व कालविण्याच्या बादलीवर तिन्ही ठिकाणी दोन रुंद पांढरे पट्टे तेलरंगाने ओढावे. पांढरा रंग मुद्दाम सुचविला आहे, कारण तांबडा, पिवळा, निळा व हिरवा हे चार रंग त्रिकोणाने आधीच घेतले आहेत. घेतलेला रंग दुसऱ्या अर्थाने वापरणे म्हणजे दोन मुलांस एकच नाव ठेवणे होय.

घरची पद्धत

आता वरील सर्व विवेचनाचा व्यवहारातील सारांश सांगतो.

१. औषध मूळ डब्यातच ठेवावे. ओतून आणू नये व ओतून देऊ नये. जागा उंच, कुलपाची व स्वयंपाकघरापासून दूर असावी. बियाणे त्या जागी ठेवू नये.

२. घरी राखलेल्या प्रत्येक वाणास एक रंग ठरवावा. जुन्या लुगड्याच्या रंगीत चिंध्या ह्या कामास उत्तम. एक चिंधी चुंगडीच्या तोंडास बांधावी व तशीच एक आत धानात टाकावी. बाहेरची तुटली तरी आतली साक्ष देते. चिंधीबरोबर वाणाचे नाव, सालाचा आकडा व शेताचे नाव लिहिलेली चिठ्ठीही असावी.

३. रंग थोडे घ्यावे. चार-पाचांपलीकडे रंग गेले की ते ध्यानात राहत नाहीत. गुलाबी व नारिंगी, किंवा जांभळा व निळा असे जवळचे रंग शेजारी घेऊ नयेत.

४. रंगाची परीक्षा रात्री घ्यावी. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळा व हिरवा ह्यांत फरक राहत नाही, व पिवळा आणि पांढरा एकसारखे दिसतात. जे रंग तुमच्या घरच्या दिव्याखाली ओळखू येतील तेच खरे.

५. काही माणसांस तांबडा व हिरवा हे रंग निराळे दिसत नाहीत. हा दोष जन्मजात असून स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो, आणि ज्यास तो असतो त्यास बहुधा ठाऊक नसतो. सबब रंगाबरोबर हाताला कळणारी खूणही असावी. एका वाणाच्या दोरीस एक गाठ, दुसऱ्याच्या दोरीस दोन गाठी. तणाच्या पंपाच्या मुठीस तारेचे दोन वेढे.

६. उन्हाने रंग उडतात. तांबडा तर फार लवकर उडतो. दर वर्षी रोवणीपूर्वी खुणा ताज्या कराव्या.

७. रंगांचा अर्थ एका कागदावर लिहून खोलीच्या दारामागे चिकटवावा, आणि तो घरातील बायामाणसांस, मुलांस व सालगड्यास समजावून सांगावा. घरच्या कर्त्यालाच ठाऊक असलेली खूण ही खूण नव्हे, ते गुपित होय.

८. खूण गेलेले बियाणे पेरू नये. ते धुतले-रंगविलेले नसल्यास खाण्यास काढावे. चिठ्ठी गेलेले औषध वापरू नये, व वासावरून ओळखण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. ते विहिरीत, नाल्यात किंवा अंधारीच्या पात्रात टाकू नये. कृषी खात्याच्या माणसास विचारून त्याची वाट लावावी.

९. रिकामा डबा तळाशी भोके पाडून निकामी करावा, म्हणजे त्यात पुन्हा काही भरण्याचा मोह होणार नाही.

गावाने काय करावे

शेवटी एक सूचना आमच्या मंडळाच्या सभासदांपुढे ठेवतो. रोवणीच्या दिवसांत मजूर एका घरचा दुसऱ्या घरी जातो. पंपही मागून नेले जातात. राम्याच्या घरी पांढरा पट्टा तणाचा व गोविंदाच्या घरी तोच पट्टा किडीचा, असे झाले तर खुणेने घात होईल. म्हणून ही पद्धत एकेकट्याने न ठरविता गावाने ठरवावी. पावसाळ्यापूर्वीच्या एखाद्या बैठकीत तेलरंगाचा एक डबा आणावा, गावातील सर्व तणाच्या पंपांस एकाच दिवशी पट्टे ओढावे, आणि त्रिकोणाचे चार रंग शाळेच्या भिंतीवर काढून घ्यावे. खर्च एका पोत्याच्या धानाइतकाही येणार नाही. शाळेतील मुले ते रंग दोन दिवसांत पाठ करतील, व मग घरी आपल्या बापाच्या हातातील बाटली पाहून विचारतील की ह्यावर त्रिकोण का नाही. तो प्रश्न ज्या घरी विचारला जाईल त्या घरी आमचा हा लेख वाचला गेला असे आम्ही समजू.